सतरा ग्रॅम

गोठ्यात पाऊल टाकलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मार्च महिना, पहाटेचे साडेपाच, संगमनेर तालुक्यातलं प्रवरेच्या काठचं गाव. चार संकरित एचएफ गाई, वर पत्रा, खाली कोबा, आणि नाकातून थेट मेंदूत शिरणारा मुताचा उग्र वास. मावशी धारेला बसल्या होत्या. मान न वळवताच म्हणाल्या, "डॉक्टर, पावत्या बघा आधी. खुंटीला हायेत."

महिनाभराच्या पावत्या तारेत ओवून ठेवल्या होत्या. फॅट ३.६, ३.५, ३.७. एसएनएफ ८.१, ८.०, ८.१, ८.२. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारा घन भाग) धरून ठरतो. एसएनएफ खाली आला की पॉइंटामागे पैसे कापतात. चार गाईंच्या पंच्याहत्तर-ऐंशी लिटरवर रोज कापले जाणारे ते पैसे म्हणजे मावशींच्या नातवाच्या कॉलेजची फी होती. हे त्यांनीच सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, हिशेब म्हणून.

"पेंड किती घालता?"

"एकेकीला सहा किलो. तीन सरकी, तीन गोळी. मागल्या दिवाळीला चारच होती. एक जण आले होते, ते म्हणाले, एसएनएफ लागत नाही म्हंजी प्रोटीन कमी पडतंय, पेंड वाढवा. वाढवली. आता आणखी किती घालू? माणसांनी खायचं का नाही?"

ही २०१४ सालची गोष्ट. त्या आधीच्या दहा-बारा वर्षांत हाच सल्ला मी स्वतः किती गोठ्यांत दिला असेल, त्याची मोजदाद नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर माझी समजूत सरळ होती: दूध म्हणजे प्रथिनं, पेंड म्हणजे प्रथिनं, दुधात कमी पडली तर गव्हाणीत वाढवा. त्या पहाटे मावशींच्या गोठ्यात डोळे पुसत उभा असताना मला त्या समजुतीची किंमत कळली. त्यांनी पैसे मोजून आणलेली प्रथिनं गाईच्या कासेत जात नव्हती. ती मुतातून वाहून कोब्यावर पसरत होती, आणि त्यांचाच अमोनिया माझ्या डोळ्यांत जात होता.

माझी पहिली नोकरी पशुखाद्याच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत होती, ते इथं सांगायला हवं. रोज सकाळी गोण्यांमधले नमुने यायचे आणि मी त्यांतली प्रथिनं मोजायचो. मोजायचो म्हणजे काय, तर नमुना सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन काढायचा आणि त्याला ६.२५ नं गुणायचं. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये ही पद्धत शोधली. बिअरच्या धान्यासाठी शोधली, आणि आजही गोणीवरचा "प्रथिने २२ टक्के" हा आकडा तिथूनच येतो. पद्धत उत्तम आहे. पण ती प्रथिनं मोजत नाही, नायट्रोजन मोजते. तो नायट्रोजन सोयाबीनमधला की शेतात टाकायच्या युरियातला, हे तिला कळत नाही. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. शंभर किलो खाद्यात एक किलो युरिया मिसळला की कागदावर प्रथिनं जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतात. चीनमध्ये २००८ साली लहान मुलांच्या दूधभुकटीत मेलामिन सापडलं, त्यामागची युक्ती हीच होती: भरपूर नायट्रोजनचं रसायन घाला, यंत्र त्याला प्रथिनं म्हणेल. आमच्या कारखान्यात असं काही विषारी घडत नव्हतं. पण आकडा गाठायचा तर सर्वांत स्वस्त नायट्रोजन कुठून आणायचा, यावर रोज चर्चा व्हायची. गाईला त्यातून काय मिळतं यावर दोन वर्षांत एकदाही झाली नाही. मी तिथला कनिष्ठ माणूस होतो. पण प्रश्न मलाही पडला नव्हता, हे खरं आहे.

गाईला प्रथिनं नको असतात. कुणालाच नको असतात. हवी असतात ती अमिनो आम्लं. वीस प्रकारच्या मण्यांतून निसर्ग सगळी प्रथिनं ओवतो, दुधातलं केसीनही आणि आपल्या नखातलं केराटिनही. यांतले निम्मे मणी शरीर स्वतः घडवतं. उरलेले दहाएक बाहेरून यावे लागतात. मावशींना मी हे पहिल्यांदा सांगायला गेलो तेव्हा अडखळलो. मग त्यांनीच वाट काढून दिली. म्हणाल्या, "म्हंजी पटवेकऱ्यावानी." त्यांच्या लहानपणी गावात पटवेकरी यायचा, डोरलं आणि पोत ओवून द्यायचा. काळे मणी ढिगानं असायचे. सोन्याचे मोजके. दर इतक्या काळ्या मण्यांमागे एक सोन्याचा, असं ठरलेलं. सोन्याचा मणी संपला की काम थांबायचं. काळे मणी पायलीभर असले तरी त्यांचा उपयोग नाही.

कासेत हेच घडतं. केसीनचा सर ओवताना कुठला मणी कुठं हे ठरलेलं असतं, त्यात बदल चालत नाही. दुभत्या गाईच्या बाबतीत आधी संपणारे मणी बहुधा दोन: लायसिन आणि मिथिओनिन. १९७६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स श्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईंच्या थेट चौथ्या पोटात नळीनं अमिनो आम्लं सोडून हे दाखवलं. या दोघांची भर पडताच दुधातली प्रथिनं वाढली. बाकीचे मणी गाईकडे होते, या दोघांवाचून काम अडलं होतं.

मग मी वहीत मावशींसमोर हिशेब मांडला. वीस लिटरची गाय, दुधात ३.२ टक्के प्रथिनं. म्हणजे रोज साधारण ६४० ग्रॅम प्रथिनं दुधातून बाहेर. त्यात लायसिन पन्नास ग्रॅमच्या आसपास, मिथिओनिन सुमारे सतरा ग्रॅम. सतरा ग्रॅम! मुठीच्या तळाशी मावेल एवढं. गाईच्या अंगाला लागणारं त्याहून वेगळं, पण दुधातून जाणारं हे एवढंच. सहा किलो पेंड आणि चाळीस किलो वैरण खाऊनही गाईला ते पुरेसं मिळत नव्हतं. मावशींनी बोटांनी हवेत चिमूट धरली आणि विचारलं, "यवढ्यासाठी?"

हो, एवढ्यासाठी. पण ते सतरा ग्रॅम तोंडातून घातले तरी कासेत पोचत नाहीत. वाटेत कोटीपोट आहे.

चार कप्प्यांतला तो पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा. रवंथ करणाऱ्या जनावरांचं सगळं वैभव त्यात आहे. तिथल्या द्रवाच्या एका थेंबात अब्जाच्या हिशेबानं जंतू असतात. गाय गवत खाते असं आपण म्हणतो, पण गवत जंतू खातात आणि पुढं सरकलेले जंतू गाय पचवते. पेंडीतली बरीचशी प्रथिनं हे जंतू फोडून त्यांचा अमोनिया करतात आणि त्या अमोनियातून स्वतःचं शरीर बांधतात. चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या पोटात, पोचतं ते जंतूंचं शरीर. गाईला मिळणाऱ्या अमिनो आम्लांपैकी निम्मी किंवा त्याहून अधिक तिथून येतात. आणि जंतूंच्या प्रथिनांतलं लायसिन-मिथिओनिनचं प्रमाण दुधाच्या प्रमाणाशी इतकं जुळतं की कुठल्याही पेंडीनं लाजावं.

फिनलंडचे आर्तुरी व्हिर्तानेन यांना १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. नंतर त्यांनी एक धाडसी प्रयोग केला. गाईंना प्रथिनं शून्य दिली. शुद्ध केलेली पिष्टं, साखर, तंतू, आणि नायट्रोजनसाठी फक्त युरिया व अमोनियाचे क्षार. १९६६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की त्या गाई दूध देत राहिल्या, आणि ते खऱ्या प्रथिनांचं, खरं दूध होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो होतो. ज्या युरियाकडं मी कारखान्यात नुसता स्वस्त नायट्रोजन म्हणून पाहत होतो, त्याच युरियातून जंतू सगळे मणी घडवू शकत होते, सोन्याचेसुद्धा. एकच अट होती: अमोनियाच्या जोडीला, त्याच वेळी, जंतूंना पिष्टाची शक्ती हवी. ती नसेल तर अमोनिया वापराविना रक्तात उतरतो, यकृत त्याचा युरिया करतं (त्यातही गाईचीच शक्ती खर्च होते) आणि तो मुतातून आणि दुधातून बाहेर पडतो.

मावशींच्या गाई खात होत्या उसाचं वाढं आणि कडबा. कारखान्यांचा हंगाम चालू, वाढं स्वस्त, त्यामुळं गव्हाण भरलेली दिसायची. पण त्यात शक्ती कमी. वरून धारेच्या वेळी, दिवसातून दोनदाच, तीन-तीन किलो पेंड एकदम. पेंड पोटात गेल्यावर तास-दोन तासांत अमोनियाची लाट यायची आणि ती झेलायला जंतूंकडं काही नसायचं. मी कासदाहाची चाचणी आधी करून घेतली, कारण दगडी लपलेली असली तरी एसएनएफ पडतो. कासा स्वच्छ निघाल्या. मग चारही गाईंचं दूध तपासायला पाठवलं. दुधातला युरिया नायट्रोजन शंभर मिलिलिटरला दहा ते सोळा मिलिग्रॅम असावा. इथं बावीस, तेवीस आला. चारांपैकी दोन गाई तीन-तीनदा भरवून उलटल्या होत्या, त्याचंही एक कारण बहुधा याच आकड्यात होतं. रक्तात युरिया चढला की गर्भाशयातलं वातावरण गर्भाला मानवत नाही.

मी मावशींना म्हटलं, "पेंड कमी करायची."

त्या उठून उभ्या राहिल्या. "कमी?"

त्यांचा विश्वास बसायला आठवडा लागला. टोमॅटो मोजायचा काटा गोठ्यात आणला. वैरण पहिल्यांदाच वजन करून गव्हाणीत पडली. वाढं जवळजवळ बंद केलं. शेजारच्या वस्तीवरून मक्याचा मुरघास विकत घेतला, गाईमागे पंधरा किलो. लसूणघास पाच किलो, बाकी कडब्याची कुट्टी. सरकी तीनावरून एक किलोवर, गोळी पेंड दोन किलो, मक्याचा भरडा दीड किलो, सोयाबीन पेंड पाऊण किलो, खनिज मिश्रण. आणि हे सगळं दोनदा नव्हे, चार वेळा वाटून. सून कुरकुरली, दुपारचं आणखी एक काम तिच्याच अंगावर पडणार होतं. ते खरंही होतं. आपल्याकडं गोठ्याचं नियोजन कागदावर पुरुष करतात आणि अमलात बाया आणतात, हे माझ्यासारख्या सल्लागारांनी विसरू नये. मुलाला दुपारच्या पाळीला लावल्यावरच ते मार्गी लागलं.

बारा दिवसांनी गेलो तेव्हा गोठ्यात डोळे चुरचुरले नाहीत. पावती अजून ८.१ वरच होती, पण मावशी स्वतःहून म्हणाल्या, "वास गेला बघा." सहा आठवड्यांनी ८.३ लागला. दुधातला युरिया चौदावर आला. पेंडीचा खर्च तर कमीच झाला होता.

मग मी मिथिओनिनकडं वळलो. सोयाबीन पेंडीत लायसिन चांगलं असतं, मिथिओनिन फार थोडं. नवं मिश्रण दिल्यावर गाठ आता एकाच मण्यावर येऊन थांबली होती. साधं मिथिओनिन दिलं तर कोटीपोटातले जंतू ते तिथंच फस्त करतात. म्हणून त्याच्या दाण्यांवर लेप चढवलेला असतो: कोटीपोटात टिकायचं, खऱ्या पोटाच्या आम्लात किंवा पुढं आतड्यात विरघळायचं. महाग प्रकार. मी एक पिशवी आणून दिली, रोज गाईमागे एक लहान चमचा, असं सांगून आलो.

तीन आठवडे काहीही घडलं नाही. माझ्या हिशेबानं आठ-दहा दिवसांत फरक दिसायला हवा होता. एका संध्याकाळी न सांगता गेलो, तर चुलीवर पातेलं. मावशी आंबोण शिजवत होत्या. भरडा, पेंड, मीठ, गरम पाणी, आणि त्यातच ते दाणे, रात्रभर मुरायला. दुभत्या गाईला आंबोण शिजवून घालायचं ही त्यांच्या सासूपासूनची रीत. त्यात मायाच होती. त्या उकळत्या आंबोणात लेप विरघळून जात होता आणि उघडं पडलेलं मिथिओनिन सकाळी जंतूंच्या तोंडी पडत होतं. चूक त्यांची नव्हती. लेप कशासाठी आहे हे मी सांगितलंच नव्हतं. चमचा किती, एवढंच सांगितलं होतं. ती पिशवी वाया गेली, तिचे पैसे मी दिले. तेव्हापासून प्रत्येक गोठ्यात आधी विचारतो: पेंड भिजवता का, शिजवता का, मुरघासात आदल्या रात्री कालवून ठेवता का? मुरघास आंबट असतो, त्यातही काही लेप सुटतात. दाणे ऐन वेळी, कोरड्या पेंडीवर, न चिरडता टाकायचे.

दुसरी पिशवी तशी दिली. जून संपता संपता पावतीवर ८.५ आला. दूध गाईमागे लिटरभरानं वाढलं. यातला थोडा वाटा मृगाच्या पावसाचा होता, हे मी लपवणार नाही. उन्हाळा सरला की गाई जास्त खातात आणि एसएनएफ आपोआप सुधारतो. पण शेजारच्या गोठ्यांतही तोच पाऊस पडला होता आणि तिथं आकडे ८.२ च्या पुढं गेले नव्हते. मावशींनी ती पावती तारेत ओवली नाही. देव्हाऱ्यात ठेवली.

हे ऐकून आसपासच्या गावांतून बोलावणी आली, आणि तिथं मी काही ठिकाणी सपशेल हरलो. एका तरुणाचा कुक्कुटपालनाचा धंदा होता. कोंबड्यांच्या खाद्यात घालायचं साधं मिथिओनिन त्याच्याकडे पोत्यानं होतं, तो गाईंना रोज मूठभर घालत होता. गोठ्यात त्याचा तो कुजक्या कोबीसारखा वास, आणि पावतीवर काही नाही. दुसऱ्या एका गावी आठ लिटरच्या गाई, वैरण म्हणजे नुसता कडबा. त्या शेतकऱ्यानं कर्ज काढून लेपाचे दाणे आणले होते, कुणीतरी त्याला सांगितलं होतं की यानं दूध दुप्पट होतं. मी त्याला ते परत करायला लावले. दहा लिटरच्या आतल्या गाईला बाहेरून अमिनो आम्लं द्यायची गरज नसते. चांगली हिरवी वैरण, थोडा भरडा आणि पोटभर पाणी मिळालं तर तिचे जंतूच तिला पुरतात. आधी जंतूंचं पोट भरा, मग गाईचं. हा क्रम उलटा केला की पैसे जातात. बाटलीत मिळणारी "अमिनो आम्लयुक्त" टॉनिकं, जी ना लेपाची ना मोजमापाची, त्यांच्याबद्दल माझं मत ठाम आहे: ती घेऊ नका.

मात्र एका ठिकाणी मी आग्रही झालो आहे, आणि तिथंच लोक सर्वांत कमी ऐकतात. भाकड गाय. "दूध देत नाही तर पेंड कशाला?" हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. विण्याच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन, या सहा आठवड्यांत पुढच्या अख्ख्या वेताचं भवितव्य ठरतं. विल्यावर दूध एकदम चढतं, पण भूक तितकी चढत नाही. गाय मग स्वतःच्या अंगावरची चरबी आणि मांस उतरवते. पाठीचा कणा वर येतो, फऱ्याला खड्डे पडतात. उतरलेली चरबी यकृतात येते. ती तिथून पुढं पाठवायची तर यकृताला प्रथिनांचं वेष्टन लागतं, आणि त्या कामात मिथिओनिनचा हात असतो. ते कमी पडलं की यकृत चरबीनं भरतं, किटोसिस होतो, गाय खाणं टाकते. एकाच पावसाळ्यात अशा तीन गाई मला काही केल्या उठवता आल्या नाहीत. तिघी भाकड काळात वाळल्या गवतावर होत्या. तिघींच्या मालकांना त्या आधीच्या उन्हाळ्यात मी भेटलो होतो, तेव्हा दुभत्या गाईंबद्दल तासभर बोललो होतो आणि कोपऱ्यात बांधलेल्या भाकड गाईकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

अलीकडं धान्यापासून इथेनॉल करणारे कारखाने वाढल्यापासून डीडीजीएस नावाचा भुकटीसारखा चोथा गावोगाव स्वस्तात येतो. मक्याचा असेल तर त्यात मिथिओनिन बरं, लायसिन कमी. सोयाबीनच्या जोडीला तो चांगला. दोघांची जोडी पिठलं-भाकरीसारखी, एकाचं उणं दुसरा भरून काढतो. पण तो वाळवताना जास्त तापला तर गडद तपकिरी होतो आणि जळका वास येतो. बासुंदी आटवताना तिला बदामी रंग येतो, तो दुधातलं लायसिन आणि दुधातली साखर उष्णतेनं एकमेकांना चिकटल्यामुळं. बासुंदीत तो रंग हवासा. चोथ्यात तो रंग म्हणजे हरवलेलं लायसिन. प्रयोगशाळा तेवढीच प्रथिनं दाखवील, कारण नायट्रोजन कुठं गेलेला नसतो. म्हणून गोणी उघडून रंग बघा. सोनेरी पिवळा असेल तर घ्या, कॉफीसारखा असेल तर परत पाठवा. बुरशीचा कुबट वास आला तर कुठल्याही भावात घेऊ नका, त्यातलं अफ्लाटॉक्सिन दुधात उतरतं.

शास्त्रही एका जागी थांबलेलं नाही. आमच्या पिढीनं अमेरिकेतल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००१ च्या पुस्तकातला एक आकडा पाठ केला होता: लायसिन तीन भाग, मिथिओनिन एक भाग. २०२१ च्या आठव्या आवृत्तीनं त्या प्रमाणावरचा भर काढला आणि प्रत्येक आवश्यक अमिनो आम्लाचा वेगळा हिशेब मांडला. हिस्टिडिन, ल्युसिन, आयसोल्युसिन हेही त्यात आले. गवताच्या मुरघासावर पोसलेल्या गाईंत हिस्टिडिन आधी संपतं, असं युरोपातल्या कामातून दिसलं आहे. आपल्या कडबा, वाढं, सरकी, ज्वारीच्या आहारावर कुठला मणी आधी संपतो, याची मोजणी आपल्या गोठ्यांत, आपल्या गाईंवर झाली पाहिजे. परदेशी आकड्यांवर मी वीस वर्षं काम केलं. पुढच्यांना तसं करावं लागू नये.

गाईनं खाल्लेल्या नायट्रोजनपैकी जेमतेम चौथा हिस्सा दुधात उतरतो. उरलेला शेणामुतातून जातो. मावशींसारख्या माणसांच्या खर्चात सर्वांत मोठी बाब पेंडीची, आणि तिच्यातला सर्वांत महाग घटक प्रथिनांचा. त्याचा चौथा हिस्सा तिसरा झाला तरी नातवाची फी निघते. मला या विषयाचं एवढं का वाटतं, असं कुणी विचारलं तर हेच उत्तर आहे.

म्हणून दोन मागण्या. पहिली दूध घेणाऱ्यांकडं. तुमच्या केंद्रावरची बरीच यंत्रं आज प्रथिनांचा आकडाही दाखवतात, पण पावतीवर छापतात फॅट आणि एसएनएफ. साडेआठच्या एसएनएफमध्ये पावणेपाचच्या आसपास दुग्धशर्करा, पाऊण टक्का क्षार आणि उरलेली प्रथिनं असतात. शेतकऱ्याच्या हातात आहे ते मुख्यतः प्रथिनांचं. तो आकडा पावतीवर छापा, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक गोठ्याच्या दुधातला युरिया तपासून कळवा. दुसरी खाद्य बनवणाऱ्यांकडं. गोणीवर नुसती कच्ची प्रथिनं लिहू नका. कोटीपोटातून निसटून पुढं जाणारी प्रथिनं किती, लायसिन किती, मिथिओनिन किती आणि युरिया किती, हे मराठीत लिहा.

आणि गाय पाळणाऱ्या वाचकांनो, उद्या पहाटे धारेला बसण्याआधी गोठ्याच्या दारात क्षणभर उभे राहा आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर पेंडीची नवी गोणी आणू नका. आधी वैरणीचं वजन करा.